एका फोनचे उत्तरायुष्य

काही वर्षांपूर्वीपर्यंत मोबाइल फोनच्या पाठीला, एखाद्या कोपऱ्यात, नख जेमतेम अडकेल एवढी खाच असे. त्या खाचेत नख घालून किंचित जोर लावला की झाकणाच्या कडा टकटक आवाज करीत एकेक करून सुटत, आणि आत बॅटरी, सिमकार्डाची जागा, मेमरी कार्डाची फट आणि बारीक अक्षरांत छापलेला यंत्राचा क्रमांक दिसे. खरे तर एवढ्याने फोनचे अंतरंग उघडे पडत नसे, कारण मुख्य मदरबोर्ड आणखी एका आवरणाखाली स्क्रूंनी बंद केलेला असे. तरीही झाकण स्वतःच्या हाताने काढता येते, एवढ्या साध्या गोष्टीने वापरणाऱ्याच्या मनात ही वस्तू आपल्याला उघडण्यासाठी दिलेली आहे, अशी समजूत नकळत रुजत असे. आजच्या फोनची पाठ बहुधा काचेची असते, ती गोंदाने चिकटवलेली असते आणि ती सोडवायला उष्णता देणारे यंत्र, पातळ पाती व सरावलेला हात लागतो. या दोन पाठींच्या मधल्या काळात माणूस आणि त्याचा फोन यांच्या नात्यात जो पालट झाला, तो न्याहाळायचा असेल तर नोकियाच्या एन९०० या फोनइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

२००९च्या अखेरीस बाजारात आलेला हा फोन आज हाती घेणाऱ्याला ओबडधोबड वाटण्याचा संभव आहे. त्याची जाडी १८ मिलिमीटर आणि वजन १८१ ग्रॅम असून त्याची ३.५ इंची स्क्रीन बोटाच्या स्पर्शापेक्षा दाबाला प्रतिसाद देते, म्हणून तिच्यावर नखाने किंवा फोनच्या कुशीत खोवलेल्या बारीक लेखणीने काम करणे अधिक सोयीचे पडते. स्क्रीन बाजूला सरकवली की तिच्याखालून तीन ओळींचा कळफलक बाहेर येतो आणि कॅमेऱ्याभोवतीची चौकट उचलली की फोन टेबलावर तिरका उभा राहतो. त्याचा प्रोसेसर ६०० मेगाहर्ट्झ गतीचा आणि मुख्य स्मृती, म्हणजे चालू कामासाठी वापरली जाणारी रॅम, केवळ २५६ मेगाबाइटची आहे. एवढ्या सामग्रीवर आज कोणी फोन बांधायला घेणार नाही. परंतु या फोनमध्ये कारखान्यातूनच टर्मिनल बसवलेले होते. टर्मिनल म्हणजे चित्रे व बटणे बाजूला ठेवून यंत्राला थेट शब्दांत आज्ञा देण्याची खिडकी. जनसामान्यांसाठी विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये निर्मात्याने ही खिडकी आपणहून ठेवावी, हे तेव्हाही विरळ होते आणि आता तर जवळजवळ अशक्य झाले आहे.

त्या फोनच्या कार्यप्रणालीचे नाव माएमो. नोकियाने २००५मध्ये ७७० या क्रमांकाचे एक छोटे इंटरनेट-यंत्र काढले, त्यातून फोन करता येत नसे. त्याच वंशात पुढे एन८०० आणि एन८१० आले आणि एन९००मध्ये प्रथमच त्या घराण्याला फोन करता येऊ लागला. माएमोच्या आवृत्त्यांना जगभरच्या वाऱ्यांची नावे दिलेली होती: दक्षिण फ्रान्समधला मिस्ट्राल, एड्रियाटिक किनाऱ्यावरचा बोरा, रॉकी पर्वताच्या पूर्व उतारावरून उबदार वाहणारा चिनूक, कॅलिफोर्नियातला कोरडा डायब्लो. एन९००च्या वाट्याला फ्रीमँटल आला, पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर उन्हाळ्याच्या दुपारी समुद्रावरून येऊन शहराला दिलासा देणारा वारा. या साऱ्याच्या बुडाशी लिनक्स होते आणि त्याची मांडणी डेबियन या संगणकी प्रणालीच्या घाटाची होती. म्हणजे प्रत्येक सॉफ्टवेअर एका पॅकेजच्या रूपात येई, त्या पॅकेजला आणखी कोणत्या पॅकेजांची गरज आहे हे त्यातच लिहिलेले असे, आणि ही सारी पॅकेजे एका सार्वजनिक भांडारात कोणालाही घेता येतील अशी ठेवलेली असत. त्या भांडारातून एक लहानसे पॅकेज उतरवून घेतले की वापरणाऱ्याला रूट अधिकार मिळत. रूट म्हणजे यंत्रातील सर्वोच्च अधिकार. तो ज्याच्याकडे असतो त्याला कोणतीही फाइल बदलता, पुसता किंवा नव्याने लिहिता येते, आणि चुकल्यास फोन निर्जीव करून ठेवण्याची मोकळीकही त्याच अधिकारात येते.

इतरत्र हा अधिकार मागून मिळत नसे, तो फटीतून शिरून मिळवावा लागे. अँड्रॉइडचा पहिला फोन, २००८चा एचटीसी ड्रीम, बाजारात आल्यानंतर थोड्याच दिवसांत त्यातली एक विलक्षण चूक उघडकीस आली: कळफलकावर उमटणारे प्रत्येक अक्षर पडद्याआड रूट अधिकाराने चालणाऱ्या एका अदृश्य टर्मिनललाही पोचत होते, त्यामुळे कोणी गप्पांच्या ओघात ‘रीबूट’ हा शब्द इंग्रजीत टंकून एंटर दाबला तर फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा सुरू होई. ती चूक कंपनीने लगेच दुरुस्त केली, पण दरम्यान अनेकांनी तिचाच उपयोग करून आपापल्या फोनचा ताबा घेतला होता. याच फोनच्या आसपास कस्टम रॉमची परंपरा वाढली. कस्टम रॉम म्हणजे निर्मात्याने दिलेली प्रणाली काढून तिच्या जागी बसवण्यासाठी इतरांनी बांधलेली प्रणाली; आपल्याकडे दुरुस्तीच्या गाळ्यांवर ज्याला ‘सॉफ्टवेअर मारणे’ म्हणतात, त्याच कृतीचे हे अधिक धाडसी रूप होय. स्टीव्ह कोंडिक या अमेरिकी प्रोग्रामरने सुरू केलेले सायनोजेनमॉड हे त्यातले सर्वांत गाजलेले नाव. २००९मध्ये गूगलने आपल्या मालकीची ॲप्स त्यात वाटली जात असल्याबद्दल त्याला नोटीस धाडली, तेव्हापासून ती ॲप्स वेगळी आणून बसवण्याची रीत पडली. २०१६च्या डिसेंबरात सायनोजेनमॉड बंद पडले आणि त्याच्याच पायावर लिनिएजओएस उभे राहिले, ज्याच्या आधारे निर्मात्याने वाऱ्यावर सोडलेले कितीतरी फोन आजही सुरक्षेच्या दृष्टीने बऱ्यापैकी अद्ययावत राहतात. हा इतिहास पराक्रमाचा आहे यात शंका नाही. पण जिथे कुलूप मुळातच नव्हते तिथे माणसांनी काय केले, हे पाहणे मनाला जास्त गुंतवते.

त्यांनी प्रथम अगदी बारीकसारीक गोष्टी बदलल्या. एन९००च्या कळफलकावर कोणती कळ दाबल्यावर कोणते अक्षर उमटावे हे एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलेले होते, तेव्हा एखाद्याने हाताशी नसलेले एखादे चिन्ह जवळच्या कळेवर आणून बसवले. मूळ प्रणालीत फोन उभा धरून वापरण्याची सोय फारच थोड्या ठिकाणी होती, ती हळूहळू सर्वत्र पोचवली गेली. फोनमध्ये इन्फ्रारेड किरणांचा एक दिवा होता, त्याला टीव्हीच्या रिमोटची भाषा शिकवली गेली. एफएम प्रक्षेपक होता, तो गाडीतल्या किंवा स्वयंपाकघरातल्या रेडिओशी जोडून घेतला गेला. कोणी घड्याळाची गती वाढवली, म्हणजे प्रोसेसर दर सेकंदाला जितक्या पावलांनी चालावा अशी निर्मात्याची अपेक्षा होती त्याहून वेगाने त्याला पळवले. या शेवटच्या हौसेत फुशारकीचा अंश होता आणि तिने बॅटरी लवकर संपण्याखेरीज फारसे काही हाती लागत नसे. पण कळ इकडून तिकडे नेण्यात जे समाधान होते ते वेगळ्या जातीचे होते: ज्या वस्तूला दिवसातून शंभरदा हात लागतो तिच्यातला रोजचा एक सल, कोणाची परवानगी न मागता, काढून टाकल्याचे ते समाधान होते.

सॉफ्टवेअरमधले फेरफार आणि बाह्य सामग्रीतले फेरफार या दोन निरनिराळ्या गोष्टी समजल्या जातात, परंतु जुन्या फोनच्या बाबतीत त्यांची सरहद्द वारंवार पुसली जाते. एन९००च्या पाठीमागच्या झाकणात एक चिमुकले लोहचुंबक बसवलेले होते. झाकण निघाले की चुंबक दूर जाई, फोनमधल्या संवेदकाला ते कळे आणि प्रणाली मेमरी कार्ड सुरक्षितपणे विलग करी, जेणेकरून कोणी अनवधानाने कार्ड उपसून काढले तरी त्यावरची माहिती बिघडू नये. ही योजना सुज्ञपणाची होती. मात्र ज्यांनी अधिक क्षमतेची जाड बॅटरी घेतली आणि तिच्यासाठी बाहेरच्या उत्पादकाचे फुगीर झाकण लावले, त्यांच्या झाकणात चुंबक नसेल तर फोनच्या लेखी ते कायमचेच उघडे राही. मग त्या जागी बाहेरून चुंबकाचा तुकडा चिकटवायचा, किंवा संवेदकाचे म्हणणे प्रणालीने ऐकू नये अशी तजवीज करायची, असे दोन मार्ग उरत. एक कामगिरी गोंदाची, दुसरी चार ओळींच्या आज्ञांची, आणि फळ दोहोंचे एकच.

बॅटरीच्या बाबतीत या फोनला दैवाने साथ दिली असे म्हणावे लागेल. त्याची बीएल-५जे ही १३२० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी त्याच्यासाठी खास घडवलेली नव्हती. तीच २००८च्या ५८०० एक्सप्रेसम्युझिकमध्ये होती आणि पुढे २०१३च्या ल्युमिया ५२० या स्वस्त व अमाप खपलेल्या फोनसाठीही त्याच मापाची बॅटरी वापरली गेली. त्यामुळे मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत पसोड्या विठोबाच्या परिसरात मिळते तशा सुट्या भागांच्या बाजारात ही बॅटरी दीर्घकाळ सहज मिळत राहिली. हौशी लोकांच्या आवडत्या फोनचे आयुष्य अशा रीतीने सामान्य ग्राहकांच्या स्वस्त फोनांनी वाढवले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. यूएसबीच्या खोबणीचे नशीब मात्र इतके चांगले नव्हते. ती मदरबोर्डाच्या पृष्ठभागावर केवळ डाख देऊन बसवलेली होती आणि वर्षानुवर्षे वायर घालण्याकाढण्याने सैल होऊन निखळत असे. म्हणून खबरदार मालक ती निखळण्यापूर्वीच फोन खोलून तिच्या भोवती इपॉक्सी भरून घेत. आणखी एक मार्ग असा की चार्जिंगसाठी खोबणीला हातच लावायचा नाही, बॅटरी बाहेर काढून वेगळ्या चार्जरवर भरायची आणि दुसरी भरलेली बॅटरी आत घालायची. खाचेत नख घालून झाकण उघडता येणे किती मोलाचे, हे त्या वेळी पुरेपूर कळत असावे.

नोकियाने या फोनला शेवटचा मोठा अद्ययावत संच ऑक्टोबर २०१०मध्ये दिला. ११ फेब्रुवारी २०११ रोजी कंपनीने मायक्रोसॉफ्टशी हातमिळवणी करून विंडोज फोनची वाट धरली आणि माएमोचा वंश, एन९ हा एक देखणा पण एकाकी वारस मागे ठेवून, थांबला. यानंतर जे घडले ते कोकणात दर पावसाळ्यापूर्वी घर शाकारतात त्या कामासारखे होते: छप्पर पडलेले नसते, घर जुनेही असते आणि राहतेही असते, तरी दर वर्षी कोणाला तरी वर चढून कौले परतावी लागतात, फुटलेली बदलावी लागतात. वापरणाऱ्यांनी स्वतःच दुरुस्त्यांचा एक सामुदायिक संच तयार केला आणि नोकियाची अद्ययावत होण्याची व्यवस्था जिथे थांबली होती तिथून तो पुढे नेला. मूळ प्रणाली ज्या २५६ मेगाबाइटच्या स्वतंत्र भागात ठेवलेली होती तो भाग चार पॅकेजे बसवली की भरून जाई, तेव्हा पॅकेजांचा बोजा ३२ गिगाबाइटच्या प्रशस्त साठ्याकडे वळवण्याची पद्धत रूढ झाली. रॅम अपुरी पडली की तिच्यातला मजकूर तात्पुरता साठ्यात उतरवून ठेवतात, त्याला स्वॅप म्हणतात. हा स्वॅप दीर्घ वापराने मंदावतो असे लक्षात आल्यावर तो अधूनमधून मेमरी कार्डावर हलवून ताजा करण्याची युक्ती निघाली. यातले एकही काम बातमी व्हावी असे नव्हते. परंतु ज्याने ते केले त्याला आपल्या हातातल्या वस्तूत कोणती खोली कोणत्या खोलीला लागून आहे हे माहीत होते, आणि अशी माहिती असणे हाच मालकीचा सर्वांत खोल अर्थ असावा असे वाटत राहते.

मराठी वाचकाला या साऱ्याशी जोडणारा एक निराळा धागा आहे. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये देवनागरीचा टंक, म्हणजे फॉन्ट, नव्हता. त्यामुळे मराठी मजकूर उघडला की अक्षरांच्या जागी ओळीने रिकाम्या चौकटी दिसत. तेव्हा ज्यांनी फोन रूट केले त्यांतल्या कित्येकांचा हेतू गती वाढवण्याचा किंवा देखावा बदलण्याचा नव्हता, त्यांना आपली भाषा वाचायची होती. रूट अधिकार घेऊन प्रणालीच्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये देवनागरी टंकाची फाइल ठेवली की चौकटी जाऊन अक्षरे उमटत. पण तेवढ्याने भागत नसे. देवनागरीत अक्षरे नुसती एकापुढे एक ठेवून चालत नाहीत: पहिली वेलांटी उच्चाराने व्यंजनानंतरची असूनही लिहिताना त्याच्या आधी यावी लागते, हलन्त व्यंजनाने पुढच्या व्यंजनाला बिलगून जोडाक्षर व्हावे लागते, रफार उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसावा लागतो. ही जुळणी करणारा भाग प्रणालीतच नसेल तर टंक कितीही सुबक असला तरी वेलांटी भलत्या अक्षराला लटकते आणि पाय मोडलेली अक्षरे सुटी सुटी उभी राहतात. म्हणून काही जण ऑपेरा मिनी या ब्राउझरच्या आडबाजूच्या मांडणीत जाऊन, गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी अक्षरांची चित्रेच मागवण्याचा पर्याय सुरू करीत. मग दूरच्या सर्व्हरवर जुळवलेला मजकूर चित्ररूपाने फोनवर उतरे, किंचित धूसर, पण वाचता येण्याजोगा. लोहित ही मुक्त टंकमालिका, जिची देखभाल रेड हॅट कंपनीच्या पुण्यातील अभियंत्यांनी दीर्घकाळ केली, अशा खटपटींच्या काळात फार कामी आली. पुढे २०११-१२च्या सुमारास ही सोय मूळ प्रणालीतच येऊ लागली आणि त्या खटपटींची आठवणही पुसट झाली. आज फोन विकत घेताच त्यावर मराठी दिसते. ते दिसावे म्हणून एके काळी फोनचा सर्वोच्च अधिकार हाती घ्यावा लागत होता, हे सांगितले तर नव्या पिढीला खरे वाटणार नाही.

एन९००कडे परत वळावे ते त्याच्या कॅमेऱ्यासाठी. स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि नोकिया यांच्या संशोधकांनी मिळून एफकॅम नावाचे सॉफ्टवेअर रचले आणि २०१०मध्ये ते या फोनसाठी खुले केले. एरवी फोनचा कॅमेरा एक बंद पेटी असतो, बटण दाबायचे आणि निघेल ते छायाचित्र स्वीकारायचे. एफकॅममुळे प्रत्येक चौकटीचा प्रकाशकाळ, तिची प्रकाशसंवेदनशीलता आणि भिंगाचा केंद्रबिंदू स्वतंत्रपणे ठरवता येऊ लागला, आणि पाठोपाठ घेतलेल्या कमी-अधिक उजेडाच्या चौकटी एकत्र करून अंधाऱ्या खोलीतही स्वच्छ चित्र मिळवण्याचे प्रयोग करता आले. अनेक चौकटी जुळवून एक छायाचित्र घडवणे आता प्रत्येक फोन गुपचूप करतो. त्या पाच मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात ती शक्यता झोपलेली होती आणि तिला जागे करायला केवळ वाट मोकळी असण्याची गरज होती. यूएसबीची गोष्टही तशीच: त्या खोबणीत पेन ड्राइव्ह किंवा कळफलक जोडता येईल असे निर्मात्याने कधी म्हटले नव्हते, पण काही चिकाटीच्या लोकांनी कर्नल, म्हणजे यंत्राच्या अवयवांशी थेट बोलणारा प्रणालीचा गाभा, बदलून ते शक्य करून दाखवले. वस्तूची क्षमता तिच्या माहितीपत्रकात लिहिली आहे तेवढीच असते हे गृहीतक एकदा असे मोडले की मनुष्य इतर वस्तूंकडेही जरा निराळ्या नजरेने पाहू लागतो.

तरीही या मोकळेपणाला मर्यादा होत्या, आणि त्या पाहिल्याशिवाय चित्र पुरे होत नाही. बॅटरी भरण्याचे नियंत्रण करणारा प्रोग्राम बंदिस्त होता; त्याची जागा घेणारा खुला प्रोग्राम लिहायला कित्येक वर्षे जावी लागली, कारण या कामात चूक झाली तर नुसता फोन बिघडून थांबत नाही, बॅटरी पेट घेऊ शकते. चित्रे रेखाटणाऱ्या चिपचे सॉफ्टवेअर बंद राहिले. आणि मोडेम, म्हणजे मोबाइलच्या टॉवरशी संभाषण करणारा भाग, आपला वेगळा प्रोसेसर आणि आपले वेगळे गुपित सांभाळून त्याच मदरबोर्डावर परक्यासारखा वावरत राहिला. त्याच्याशी बोलता येई, त्याच्या आत डोकावता येत नसे. जुन्या सांगाड्यात नवा मदरबोर्ड बसवण्यासाठी २०१३मध्ये निओ९०० नावाचा प्रकल्प निघाला, त्यात अधिक रॅम आणि नवा मोडेम असणार होता. कळफलक, स्क्रीन आणि झाकण तेच ठेवून आतला जीव बदलण्याची ती कल्पना विलक्षण मोहक होती, पण ती पूर्णत्वाला गेली नाही. मोडेमपुढे हौस थकते, कारण तिथे फोन एकटा नसतो. तो बोलतो ते जाळे दुसऱ्याच्या मालकीचे असते, आणि ते जाळे पुढे निघून जाते. भारतात २०१६ साली जिओची सेवा आली ती केवळ ४जीवर, तिच्यावर हा फोन एक शब्दही बोलू शकत नव्हता. पुढे एअरटेलने आपली ३जी सेवा गुंडाळली. २जी शिल्लक आहे तोवर साधा कॉल लागतो, एवढेच.

तथापि जाळे तुटल्याने यंत्र मरत नाही. २०१७मध्ये पोस्टमार्केटओएस नावाचा प्रकल्प सुरू झाला, ज्याचे घोषित ध्येय फोनला दहा वर्षांचे आयुष्य देण्याचे होते आणि ज्याच्या आरंभीच्या यंत्रांत एन९०० होता. त्यानंतर माएमो लेस्ते या प्रकल्पाने जुन्या माएमोचे रूप नव्या लिनक्सवर पुन्हा उभारायला घेतले. या दोन्ही खटपटींची मदार एका गोष्टीवर आहे: एन९००चे वर्णन, म्हणजे कोणती चिप कोणत्या तारेने कोणाला जोडली आहे याचा तपशील, लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये समाविष्ट झालेला आहे, त्यामुळे कर्नलच्या नव्या आवृत्तीबरोबर हा फोनही पुढे सरकू शकतो. मात्र हे आपोआप घडत नाही. कर्नल सांभाळणारे लोक वेळोवेळी जुन्या यंत्रांचा आढावा घेतात, ज्याचा कोणीच वापर करीत नाही असा कोड काढून टाकावा असे सुचवतात, आणि तो राहायचा असेल तर कोणाला तरी आपल्याकडचे ते यंत्र बाहेर काढून, बॅटरी भरून, नवी आवृत्ती त्यावर चढवून पाहावी लागते आणि ते अजून सुरू होते असे कळवावे लागते. अशा वेळी बहुधा काही बारीक बिघाडही निघतो, कधी ध्वनीचा, कधी कॅमेऱ्याचा, आणि मग तो कोणत्या बदलाने शिरला याचा मागे मागे जात शोध सुरू होतो.